रोहूला जठरच नसतं, मग ब्युटिरेट जातं कुठे?

1 जून ते 31 जुलै आपल्याकडची मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत मुंबईच्या बाजारात बर्फावर जे दिसतं त्यात तळ्यातल्या माशांचा वाटा एकदम वाढतो, आंध्रातून ट्रकनं आलेले रोहू-कटला, बासा, तिलापिया, आणि व्हेनामी कोळंबी तर आता बाराही महिने असतेच. मी माशांच्या खाद्यात काम करते हे कळलं की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "अगं, त्यांना औषधं देतात ना? अँटिबायोटिक असतं ना त्यात?" प्रश्न रास्त आहे आणि मला तो आवडतो, कारण त्याचं खरं उत्तर फार इंटरेस्टिंग आहे आणि ते दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून आज अँटिबायोटिकच्या जागी खाद्यात घालतात त्या ब्युटिरेटसारख्या फॅटी अ‍ॅसिडांबद्दल सविस्तर लिहितेय.

आधी अँटिबायोटिकचं. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान वगैरे औषधं कोळंबीशेतीत वापरायला आपल्याकडे बंदी आहे, तरी कुठे ना कुठे अवशेष सापडतात, आणि 2016 मध्ये युरोपीय युनियननं भारतातून जाणाऱ्या तळ्यातल्या कोळंबीच्या निम्म्या कन्साइनमेंट तपासायचं ठरवलं ते त्यामुळेच. त्याच्याही आधी, 1 जानेवारी 2006 पासून, युरोपात जनावरांच्या खाद्यात वाढीसाठी अँटिबायोटिक घालणं पूर्ण बंद झालं. तेव्हापासून खाद्यवाल्यांची शोधाशोध जोरात सुरू झाली की आता याच्या जागी काय घालायचं, आणि डुक्कर-कोंबडीच्या खाद्यात जी ऑरगॅनिक अ‍ॅसिडं आधीपासून होती ती माशांच्या खाद्यातही यायला लागली. फॉर्मिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक, मग लॉरिक आणि त्याचं मोनोलॉरिन. ही सगळी फॅटी अ‍ॅसिडंच किंवा त्यांचीच रूपं, फक्त साखळी कमी-जास्त लांबीची. आज कुठल्याही मत्स्यखाद्याच्या दुकानात जा, "इम्युनिटी बूस्टर" लिहिलेली जी पाकिटं लटकत असतात त्यातल्या बऱ्याच पाकिटांत यातलंच काहीतरी असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की यातलं काही खोटं नाहीये, पण यातलं प्रत्येक अ‍ॅसिड माशाच्या शरीरात नेमकं कुठपर्यंत पोचतं हे विचारल्याशिवाय त्याचा काही अर्थ लागत नाही. आणि हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही.

आता खाद्यातूनच का, हे पण बघायला हवं. नॉर्वेत सॅमन पाळतात, तिथे 1987 च्या सुमारास वर्षाला 50 टनांच्या आसपास अँटिबायोटिक जायचं, आणि ते पुढे एक टनाच्या खाली आलं ते मुख्यतः लसीमुळे. तिथे प्रत्येक पिल्लाला समुद्रात सोडण्याआधी पोटात इंजेक्शन देतात. सॅमन महाग आहे म्हणून ते परवडतं. आपल्या रोहूला कोण टोचणार? एकेका तळ्यात हजारो बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, किलोला मिळणारा भाव बेताचा, आणि प्रत्येक मासा हातात धरून टोचायचा तर मजुरीच माशापेक्षा जास्त. त्यामुळे आपल्याकडे माशाच्या प्रतिकारशक्तीसाठी काही करायचं तर दोनच रस्ते उरतात, पाणी आणि खाद्य.

बरं, माशाची प्रतिकारशक्ती आपल्यासारखीच असते असं समजू नका. माशाला बोन मॅरो नसतो. रक्तपेशी बनवायचं काम किडनीचा पुढचा भाग करतो, त्याला हेड किडनी म्हणतात, आणि सोबत प्लीहा. अँटिबॉडी असतात पण त्या तयार व्हायला वेळ लागतो, आणि पाणी थंड असेल तर अजून वेळ लागतो कारण माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. म्हणून मासा जन्मजात असलेल्या संरक्षणावर खूप जास्त अवलंबून असतो, अंगावरचा तो बुळबुळीत थर, त्यातलं जंतूंची भिंत तोडणारं लायसोझाइम, रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रोटीनं, आणि जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. घरी मासा साफ करताना जो चिकट थर आपण राख-मीठ लावून काढतो ना, ती त्याची पहिली तटबंदी. तसाच थर आतड्यातही असतो. 2005 मध्ये ट्राउटमध्ये आयजीटी नावाची अँटिबॉडी सापडली आणि नंतर 2010 मध्ये कळलं की ती खास आतड्याच्या अस्तरावर काम करते, म्हणजे माशाच्या आतड्याची स्वतःची वेगळी अशी सुरक्षा आहे. कोळंबीला तर अँटिबॉडीच नसतात, तिचं सगळं जन्मजात यंत्रणेवर.

तर मासा सतत पाण्यात, पाण्यात सतत बॅक्टेरिया, आणि खाताना तेच पाणी थोडं आत जाणार. एरोमोनास हायड्रोफिला हा रोहू-कटलाचा जुना वैरी तळ्यात कायमच असतो, तो बाहेरून यायची गरज नसते. मासा दमला, ऑक्सिजन घटला, अमोनिया वाढला, की तो आत घुसतो. घुसायच्या रस्त्यांमध्ये कल्ले आहेत, कातडीवरच्या जखमा आहेत, आणि आतडं आहे. खाद्यातल्या फॅटी अ‍ॅसिडचा खेळ मुख्यतः या तिसऱ्या रस्त्यावर चालतो.

सगळ्यात जास्त बोललं जातं ते ब्युटिरिक अ‍ॅसिड, चार कार्बनचं. लोण्यात असतं, लोणी खवट झालं की जो वास येतो त्यात याचा मोठा हात. त्या वासामुळे ते सहसा तसंच वापरत नाहीत, त्याचा सोडियम ब्युटिरेट हा क्षार करून वापरतात, वास त्यालाही असतो, गोदामात पाकीट फुटलं तर दिवसभर कपड्याला येतो. आपल्या मोठ्या आतड्यात बॅक्टेरिया फायबर खाऊन हेच बनवतात आणि आतड्याच्या पेशी ते इंधन म्हणून जाळतात. माशाच्या आतड्यातही आंबण्याची क्रिया होते पण त्यात अ‍ॅसिटेट जास्त, ब्युटिरेट थोडंच. म्हणून बाहेरून द्यायची कल्पना.

ते करतं काय? एक तर आतड्याच्या पेशींना ताकद मिळते, त्या नीट वाढतात, आतल्या घड्या लांब होतात, म्हणजे अन्न शोषणारा पृष्ठभाग वाढतो. दुसरं, या पेशी एकमेकींना प्रोटीनच्या टाक्यांनी घट्ट जोडलेल्या असतात आणि ते जोड मजबूत राहायला ब्युटिरेटची मदत होते. मुंबईच्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्याला हे लगेच कळेल, बाथरूमच्या टाइल्समधलं सिमेंट झिजलं की टाइल शाबूत असूनही खालच्या मजल्यावर लीकेज सुरू होतं, तसंच पेशी जिवंत असूनही जोड ढिले पडले की जंतू आणि त्यांची विषं मधल्या फटीतून रक्तात जातात. तिसरं थोडं खोल आहे. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनांभोवती गुंडाळलेला असतो, तो किती घट्ट गुंडाळायचा हे ठरवणारी काही एन्झाइमं असतात, ब्युटिरेट त्यातल्या काहींना थोपवतं आणि त्यामुळे काही जीन्स चालू होतात, काही मंदावतात. उंदरांवर 2013 मध्ये दाखवलं गेलं की ब्युटिरेटमुळे मोठ्या आतड्यात सूज आवरणाऱ्या टी-पेशी वाढतात. माशांमध्ये चित्र इतकं स्वच्छ नाहीये, पण सोयाबीनची पेंड जास्त असलेल्या खाद्यामुळे आतड्याला जी सूज येते ती ब्युटिरेट घातलं की कमी होते असे निकाल मिळालेले आहेत, आणि मला हाच उपयोग सगळ्यात खरा वाटतो. कारण फिशमील, म्हणजे सुक्या माशांची पूड, महाग झालंय, सगळे सोयाकडे वळलेत, आणि सोयातली सॅपोनिनं माशाच्या आतड्याला सोसत नाहीत, सॅमनला तर अजिबातच नाही.

लक्षात घ्या, यात कुठेही इम्युनिटी "बूस्ट" होत नाहीये. आतड्याची भिंत शाबूत राहतेय आणि उगाचची सूज आटोक्यात राहतेय. प्रतिकारशक्ती सतत भडकवत ठेवणं माशाला परवडतच नाही, ती ऊर्जा वाढीतून कापली जाते.

आता मुख्य मुद्दा, पोचतं कुठपर्यंत. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प), हे सगळे कार्पवर्गातले मासे, यांना जठरच नसतं. घशातल्या दातांनी खाणं भरडलं की ते थेट लांबलचक आतड्यात जातं, आम्ल असं कुठे लागतच नाही, आत सगळं न्यूट्रल किंवा किंचित अल्कलाइन. उलट तिलापियाचं जठर इतकं आम्लयुक्त असतं की पीएच 2 च्याही खाली जाऊ शकतो. जिताड्यालाही व्यवस्थित जठर आहे, तो शिकारी मासा.

हे का महत्त्वाचं? ऑरगॅनिक अ‍ॅसिड बॅक्टेरिया मारतं ते एका विशिष्ट पद्धतीनं. अ‍ॅसिड जेव्हा न सुटलेल्या, अखंड रूपात असतं तेव्हाच ते बॅक्टेरियाच्या आवरणातून आरपार आत जातं, आत पीएच सातच्या आसपास असल्यानं तिथे ते सुटतं, हायड्रोजन आयन सोडतं, आणि मग तो आम्लपणा बाहेर फेकता फेकता बॅक्टेरियाची ऊर्जा संपते. पण अखंड रूपात राहायला आजूबाजूला आम्ल हवं. ब्युटिरिक अ‍ॅसिडचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मं अ‍ॅसिड सुटतं तो आकडा, साधारण 4.8 आहे, म्हणजे पीएच त्याच्या खाली असेल तिथे ते जास्त करून अखंड, आणि पीएच 7 ला जवळजवळ सगळं सुटलेलं. तिलापियाच्या जठरात हा मार चालेल. रोहूच्या आतड्यात हा मार जवळपास चालतच नाही. तिथे ब्युटिरेट उपयोगी पडलंच तर पेशींचं इंधन म्हणून आणि त्या जीन्सच्या भानगडीमुळे, जंतू मारून नाही. पाकिटावर मात्र दोन्ही माशांसाठी एकच वाक्य छापलेलं असतं की हे हानिकारक जिवाणू नष्ट करतं.

अजून एक. नुसतं, कोटिंग नसलेलं ब्युटिरेट आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. मागच्या भागात, जिथे जंतूंची गर्दी असते आणि जिथे सोयाची सूज येते, तिथपर्यंत काही उरत नाही. म्हणून ते फॅटच्या आवरणात गुंडाळतात, म्हणजे लायपेज या फॅट पचवणाऱ्या एन्झाइमनं आवरण हळूहळू वितळत जातं आणि आतलं ब्युटिरेट मागे जाऊन सुटतं. किंवा ग्लिसरॉलला जोडून ट्रायब्युटिरिन करतात, त्याला वासही कमी येतो. कोटेड आणि अनकोटेड यांच्या किमतीत फरक असतो आणि स्वस्तातलं घेऊन तोच रिझल्ट मिळेल अशी आशा करणं म्हणजे पैसे पाण्यात, आणि इथे ते अगदी शब्दशः पाण्यात जातात, कारण सोडियम ब्युटिरेट पाण्यात भराभर विरघळतं. आंध्रात रोहू-कटलाला खायला घालायची जुनी पद्धत आहे, तेल काढलेला भाताचा कोंडा आणि पेंड भोकं पाडलेल्या पोत्यांत भरून तळ्यात बांबूला बांधून ठेवायची, मासे येतात आणि चोखत-ओढत खातात, तासन् तास. पद्धत स्वस्त आहे, कमी वाया जातं, लाखो टन मासा तिच्यावर वाढलाय, मला तिच्याबद्दल आदर आहे. पण त्या पोत्यात ब्युटिरेटची पावडर मिसळणं म्हणजे ती सरळ तळ्यालाच देणं. पेलेट फीड असेल, वरून तेलाचं किंवा बाइंडरचं कोटिंग असेल, आणि मासा पटकन खाणारा असेल, तर गोष्ट वेगळी. प्रयोगांमध्ये डोस खाद्याच्या किलोमागे साधारण एक ते काही ग्रॅम असतो, एवढ्याशा डोसातलं निम्मं विरघळून गेलं तर उरलं काय?

लॉरिक अ‍ॅसिडकडे आपल्याकडचे लोक लगेच आपुलकीनं बघतात कारण ते खोबरेल तेलात भरपूर असतं, जवळजवळ निम्मं. मग प्रश्न येतोच की सरळ खोबरेलच घालू का खाद्यात. घाला, चांगलं एनर्जी देणारं फॅट आहे, पण मोनोलॉरिनचं काम त्याच्याकडून धरू नका. तेलात लॉरिक अ‍ॅसिड तिहेरी बांधलेलं असतं, ग्लिसरॉलच्या तिन्ही हातांना एकेक फॅटी अ‍ॅसिड. जंतूंवर सगळ्यात जास्त जोर चालतो तो एकच लॉरिक जोडलेल्या रूपाचा, म्हणजे मोनोलॉरिनचा, ते जंतूच्या मेदाच्या पडद्यात शिरून पडदा फाडतं. म्हणूनच ते ग्रॅम-पॉझिटिव्ह बॅक्टेरियावर आणि मेदाचं आवरण असलेल्या व्हायरसवर जास्त चालतं. तिलापियाला स्ट्रेप्टोकॉकस होतो, तो ग्रॅम-पॉझिटिव्ह, तिथे विचार करण्यासारखं आहे. पण एरोमोनास, एडवर्डसिएला, व्हिब्रिओ हे सगळे ग्रॅम-निगेटिव्ह, त्यांना बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं आणि मोनोलॉरिन तिथे बरंच अडतं. म्हणजे रोहूवाल्याच्या मुख्य शत्रूवरच हे औषध कच्चं. कोळंबीचा पांढऱ्या ठिपक्यांचा व्हायरस आवरणवाला आहे, म्हणून विक्रेते तिकडे बोट दाखवतात, पण काचेच्या भांड्यात व्हायरस निष्प्रभ होणं आणि भर पावसात तळ्यात पसरलेली साथ थांबणं यात खूप अंतर आहे. रोग पसरलेल्या तळ्यात पाकीट ओतून कोळंबी वाचेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका प्लीज, त्या पैशात पुढच्या वेळी टेस्ट केलेलं बीज, म्हणजे पिल्लं, घ्या.

मग ओमेगा-3. याच्याबद्दल आपण माणसं इतकं ऐकून आहोत की माशालाही जितकं जास्त तितकं चांगलं असं गृहीत धरतो. पेशींच्या पडद्यात कुठली लांब साखळीची फॅटी अ‍ॅसिडं आहेत त्यावरून सूज वाढवणारे आणि कमी करणारे निरोप ठरतात. अ‍ॅराकिडोनिक अ‍ॅसिडपासून (हे ओमेगा-6 मधलं) सूज वाढवणारे जोरदार निरोप, प्रोस्टाग्लँडिनं आणि ल्युकोट्राइनं, बनतात (या प्रोस्टाग्लँडिनांवरच्या कामालाच 1982 चं वैद्यकाचं नोबेल मिळालं, बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना), ईपीए या ओमेगा-3 पासून त्यांचेच सौम्य भाऊबंद. आता सूज कमी होणं नेहमीच चांगलं कसं असेल? जंतू आत आल्यावर सूज हवीच असते, तिच्यामुळेच पांढऱ्या पेशी धावत येतात. अमेरिकेत चॅनल कॅटफिशवर 1990 च्या दशकात प्रयोग झाले त्यात फिश ऑइल जास्त दिलेले मासे एडवर्डसिएलाच्या संसर्गात जास्त मेले. म्हणजे मासा, त्याला दिलेलं माशाचंच तेल, आणि तरी उलटा परिणाम. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातून दिसतं की कमतरता भरून काढणं आणि अति देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कमतरता मात्र खरीच वाईट. जिताड्यासारख्या माशांना ईपीए-डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-3 स्वतः बनवता येत नाही, किंवा अगदीच थोडं येतं, त्यांना ते खाण्यातूनच मिळायला हवं. पेण-अलिबागकडे खाडीलगतच्या तळ्यांत जिताडा पूर्वापार लहान मासे-कोळंबी खाऊन वाढतो, त्याला ते आपोआप मिळतं, पण तोच जिताडा पेलेटवर वाढवायचा तर फिश ऑइलमध्ये कंजुषी करून चालत नाही. रोहू-सायप्रिनसची गोष्ट निराळी, ते जवस-मोहरीसारख्या वनस्पती तेलातल्या छोट्या साखळीपासून लांब साखळी बनवू शकतात, आणि तळ्यातलं प्लँक्टनही त्यांच्या मदतीला असतं. सायप्रिनसला लिनोलेइक (ओमेगा-6) आणि लिनोलेनिक (ओमेगा-3) दोन्ही खाद्याच्या साधारण एकेक टक्का पुरतं. तिलापियाला तर ओमेगा-6 चीच गरज मुख्य. आणि नॉर्वेच्या सॅमनचे आकडे इकडे जसेच्या तसे आणून चालत नाहीत, तिथलं पाणी थंड, थंडीत पडदे लवचिक ठेवायला अनसॅच्युरेटेड फॅट जास्त लागतं, आपल्या तळ्याचं पाणी तीस डिग्रीचं. तरी नॉर्वेनंसुद्धा बदल केलाच, 1990 मध्ये सॅमनच्या खाद्यात 90 टक्के माल समुद्रातला असायचा, 2013 पर्यंत तो 30 टक्क्यांच्या आसपास आला, बाकी सोया, गहू, रेपसीड तेल. त्यामुळे सॅमनच्या मांसातलं ओमेगा-3 ही घटलं. मासा जे लांब साखळीचं फॅट खातो ते त्याच्या अंगात साठतं आणि आपल्या ताटात येतं. ब्युटिरेटचं तसं नाही, ते आतड्यात आणि लिव्हरमध्ये जळून जातं, मांसात साठत नाही, त्यामुळे नातेवाईकांनो, त्याची भीती अजिबात नको.

माझा मावसभाऊ पालघरकडे बायोफ्लॉकच्या टाक्यांत तिलापिया करतो. त्यानं मध्यंतरी फोन केला, "ताई, दुकानदार ब्युटिरेट घे म्हणतोय, टाकू का?" मी त्याला म्हटलं, अरे तुझ्या टाकीत ते थोडंफार फुकट बनतंय. बायोफ्लॉकमध्ये आपण गूळ किंवा मैदा घालून कार्बन वाढवतो, त्यावर बॅक्टेरियाचे गुच्छ वाढतात आणि मासे ते खातात. त्यातले काही बॅक्टेरिया जास्तीचा कार्बन आपल्या पेशीत एका पॉलिमरच्या दाण्यांत साठवतात, पीएचबी म्हणतात त्याला, पॉलीहायड्रॉक्सीब्युटिरेट. आतड्यात तो तुटला की ब्युटिरेटच्याच जवळचं शॉर्ट-चेन अ‍ॅसिड सुटतं, आणि तो पॉलिमर पाण्यात विरघळत नसल्यानं वाटेत वायाही जात नाही. बेल्जियममधल्या गेंट युनिव्हर्सिटीत 2007 मध्ये आर्टेमियावर दाखवलं होतं की पीएचबीमुळे व्हिब्रिओपासून संरक्षण मिळतं. आर्टेमिया म्हणजे हॅचरीत पिल्लांना घालतात तो बारीक जीव, तिलापिया नव्हे, आणि प्रत्येकाच्या फ्लॉकमध्ये पीएचबी सारखं नसतं, हे मी त्यालाही सांगितलं. पण दुकानातून विकत घ्यायच्या आधी आपल्या टाकीत काय चाललंय ते बघ म्हटलं. तरी त्याला करून बघायचंच होतं, मग एक टाकी ब्युटिरेटची आणि बाजूची बिनब्युटिरेटची, बीज तेच, खाद्य तेच, आणि मेलेले मासे रोज मोजून वहीत लिहायचे, असं ठरलं. त्याच्या वहीतून निघेल ते माझ्या दृष्टीनं पाकिटावरच्या आलेखापेक्षा मोलाचं.

कारण पाकिटावरच्या त्या आलेखांचं काय असतं, लायसोझाइम वाढलं, पांढऱ्या पेशींनी जंतू मारणारे ऑक्सिजन रॅडिकल जास्त सोडले, अमुक जीन दुप्पट चालू झाली. हे सगळं मोजणं आवश्यकच आहे, मी शिकताना हेच केलंय आणि ते रॅडिकल मोजणाऱ्या निळ्या रंगाच्या एनबीटी टेस्टवर माझं प्रेम आहे. पण लायसोझाइम वाढणं म्हणजे मासा वाचणं नव्हे. त्यासाठी चॅलेंज टेस्ट लागते, म्हणजे माशांना मुद्दाम एरोमोनास टोचून किती जगतात ते बघायचं, आणि तीही बहुतेक वेळा छोट्या टाक्यांत, स्वच्छ पाण्यात, दोन-तीन महिन्यांच्या फीडिंगनंतर. पहाटे ऑक्सिजन खाली गेलेल्या, ढगाळ हवेतल्या, कोंडा आणि पेंडेवर चाललेल्या खऱ्या तळ्यात, बोटुकलीपासून विक्रीपर्यंतचा आख्खा हंगाम धरून रोहूवर असे प्रयोग जास्त व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं. वर्सोव्याला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ फिशरीज एज्युकेशन 1961 पासून आहे, भुवनेश्वरला गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था आहे, माणसं आहेत, ज्ञान आहे. तळेवाल्यांनी आपली तळी आणि वह्या उघड्या केल्या तर हे होऊ शकतं.

आणि एक गोष्ट, जी इम्युनिटी बूस्टरच्या गडबडीत सगळे विसरतात आणि मुंबई-कोकणच्या हवेत तर सगळ्यात आधी बघायला हवी. खवटपणा. खाद्यातलं तेल जितकं अनसॅच्युरेटेड तितकं ते लवकर खवट होतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे गोदामात जी दमट उष्णता असते त्यात अजूनच. खवट तेलातली पेरॉक्साइडं माशाचं व्हिटॅमिन ई संपवतात, लिव्हर खराब करतात, आणि ज्या पांढऱ्या पेशींच्या नावानं आपण महागडं पाकीट आणलं त्यांचेच पडदे आधी बिघडवतात. जपानमध्ये कार्प माशांना रेशमाच्या कोशातले किडे खायला घालायचे, त्यातलं तेल खवट झालं की माशांची पाठ खंगून आत जायची, सेकोके म्हणतात त्या रोगाला, आणि व्हिटॅमिन ई दिल्यावर ते आटोक्यात आलं. म्हणजे फॅटी अ‍ॅसिड माशाला वाचवू शकतं तसं मारूही शकतं, आणि मारायला त्याला कोटिंग-बिटिंग काही लागत नाही.

त्यामुळे आता पावसाळ्याचा स्टॉक भरताय त्यांच्यासाठी. गोणीवरची तारीख बघा, तीन महिन्यांवरची असेल तर घेऊ नका. गोणी भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या टाका. मूठभर फीड हातावर चोळून वास घ्या, जुन्या रंगासारखा किंवा खवट शेंगदाण्यासारखा वास आला तर ते परत करा, माशाला घालू नका, "थोडं थोडं मिसळून संपवू" हे तर नकोच. एवढं झाल्यावर खिशात पैसे उरले आणि ब्युटिरेट घ्यावंसं वाटलं तर दुकानदाराला तीन गोष्टी विचारा, कोटेड आहे का, कुठल्या माशावर करून बघितलंय, आणि त्या प्रयोगात मासे किती जगले.